वैशाखातील कादंबऱ्या

मंचरचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना दुपारचे बारा ते चार हे तास कसे असतात हे सांगावे लागत नाही. बाजार समितीच्या आवारातील गडबड ओसरते, पुणे-नाशिक रस्त्यावरची वर्दळ विरळ होते, दुकानांपुढे ताडपत्र्या सोडल्या जातात आणि माणसे घरात शिरतात. आपल्या घरांच्या धार्मिक दिनक्रमातही हा काळ थोडा मोकळा असतो. चैत्रातील आयंबिलाची ओळी आणि महावीर जयंती होऊन गेलेली असते, अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी झालेली असतात आणि चातुर्मासाला अजून अवकाश असतो. गच्चीवर मुगवड्या व खिचिये वाळत असतात, मुलांना सुट्टी असते आणि पंख्याखाली पडलेल्या माणसाच्या हाताला काहीतरी हवे असते.

हल्ली ते ‘काहीतरी’ म्हणजे मोबाईल असतो. मी मात्र आपणांस एका जुन्या सवयीची आठवण करून देऊ इच्छितो. उन्हाळ्यात कादंबऱ्या वाचाव्यात. आणि त्यातही प्रेमाच्या व प्रवासाच्या वाचाव्यात. ज्याने वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि ज्याचे सारे आयुष्य बँकेत खतावण्या तपासण्यात गेले, त्याने हा सल्ला द्यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. व्यापारी घरात पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की यातून मिळते काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी हिशेबी माणसाच्या पद्धतीने देण्याचा प्रयत्न करतो.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या आसपास, गावात पुस्तके भाड्याने देणारे एक छोटेसे खाजगी वाचनालय होते. दोन रुपये अनामत आणि दहा पैसे रोज, असा दर होता. आमच्या घरची पुस्तके आणण्या-पोहोचवण्याचे काम माझ्याकडे असे. ती पुस्तके भुवाबाईंसाठी असत. भुवाबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आले आणि त्या माहेरी परतल्या. त्या काळी आपल्या समाजात पुनर्विवाहाचा विचार घरात उच्चारलाही जात नसे. शिक्षण मराठी चौथीपर्यंत; घरात बोलणे मारवाडीत. पहाटे सामायिक, मग स्वयंपाकघर, मग धान्य निवडणे, सूर्यास्तापूर्वी सर्वांची जेवणे, संध्याकाळी प्रतिक्रमण. या दिनक्रमात दुपारचे दोन तास तेवढे त्यांचे स्वतःचे होते. त्या दोन तासांत त्या कादंबरी वाचीत.

ना. सी. फडके त्यांना फार आवडत. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘अटकेपार’ या १९२८ ते १९३१ या काळातील कादंबऱ्या. त्यांतील सुशिक्षित, नीटनेटके तरुण, निसर्गरम्य स्थळे, गैरसमज, विरह आणि शेवटचे मीलन यांची गोडी चाळीस वर्षांनंतरही मंचरच्या त्या मागच्या खोलीत कमी झाली नव्हती. फडके तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. कथानकाची वीण ते अशी घट्ट घालीत, की वाचक मध्येच पुस्तक ठेवू शकत नसे. पुढे मी स्वतः ती पुस्तके वाचली, तेव्हा बँकेच्या सवयीने एक शंका मात्र मनात येई: या नायकांचे उत्पन्नाचे साधन काय? कर्जाचा अर्ज घेऊन यांतील एखादा नायक माझ्यासमोर आला असता, तर मी त्याला जामीनदार आणावयास सांगितले असते. पण भुवाबाईंना ती शंका कधी आली नाही. पै-पैशाचा हिशेब आयुष्यभर कानांवर पडत असलेल्या बाईला जेथे हिशेब नाही असे दोन तास हवे होते, हे मला पुष्कळ उशिरा उमगले.

फडक्यांच्या जोडीला वि. स. खांडेकर असत. एक कलेसाठी कला मानणारे, दुसरे जीवनासाठी कला मानणारे. त्या काळचा सारा मराठी वाचक या दोन पक्षांत वाटलेला होता. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली आणि पुढे १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. मराठीला मिळालेला तो पहिला ज्ञानपीठ. ती प्रेमकथा आहेच, पण उपभोगाने तृप्ती न होणाऱ्या राजाची ती कथा अपरिग्रहाच्या प्रवचनाइतकीच मनाला भिडते. पुढे योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर या लेखिकांच्या पुस्तकांनी वाचनालयांची कपाटे भरली. शहरातील समीक्षक त्यांची फारशी दखल घेत नसत. पण तालुक्याच्या गावी दुपारच्या वेळी या पुस्तकांनी किती घरांना सोबत केली, याची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात सापडणार नाही.

चंद्रकांत काकोडकर मात्र घरात उघडपणे येत नसत. ते आमच्या दुकानातील मुनीमजींच्या गादीखाली असत. काकोडकरांचे प्रकरण मोठे बोधप्रद आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पण ऑगस्ट १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून त्यांना दोषमुक्त केले. आणि त्याच वर्षी त्यांच्या ‘निलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. एकत्र कुटुंबाची महती सांगणारा तो चित्रपट आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांनी डोळे पुसत पाहिला असेल. ज्याचे पुस्तक गादीखाली लपवावे लागे, त्याच लेखकाची ही कथा होती!

आमच्या घरातही आक्षेप होताच. दादाजी व्रतस्थ श्रावक होते. त्यांचा आक्षेप अडाणीपणाचा नव्हता, शास्त्राला धरून होता. आपल्याकडे चार विकथा सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. म्हणजे स्त्रियांविषयीच्या, खाण्यापिण्याच्या, देशोदेशींच्या आणि राजकारणाच्या निरर्थक गप्पा. अनर्थदंडाच्या प्रकारांतही दुःश्रुति, म्हणजे मन मलिन करणाऱ्या कथा ऐकणे, गणलेले आहे. प्रेमाची कादंबरी ही स्त्रीकथा आणि प्रवासाची कादंबरी ही देशकथा. तेव्हा भुवाबाई रोज दुपारी दोन विकथा एकदम करीत, असा दादाजींचा हिशेब होता. ते रागावत नसत. पण पुस्तक दिसले की ‘हूं’ एवढेच म्हणत, आणि ते ‘हूं’ रागावण्यापेक्षा जड असे.

या आक्षेपाला उत्तर मिळाले ते स्थानकात. एका चातुर्मासात एका विदुषी साध्वीजींनी व्याख्यानात तरंगवतीची कथा सांगितली. पादलिप्तसूरींनी प्राकृतात रचलेली ‘तरंगवती’ आज मूळ रूपात उपलब्ध नाही. ‘तरंगलोला’ या संक्षेपामुळे ती आपल्याला कळते. १९२१ साली अर्न्स्ट लॉयमन या विद्वानाने तिचा जर्मन अनुवाद केला, तेव्हा युरोपातील वाचकही तिच्या मोहात पडले. कथा अशी: कौशांबीच्या नगरशेठांची कन्या तरंगवती हिला चक्रवाक पक्ष्यांची जोडी पाहून पूर्वजन्म आठवतो. त्या जन्मी ती चक्रवाकी होती, तिचा जोडीदार व्याधाच्या बाणाने मारला गेला आणि तिने त्याच्या चितेत देह टाकला. ती ही हकीकत चित्रपटांवर रंगवते आणि पौर्णिमेच्या उत्सवात ती चित्रे लोकांना पाहता येतील अशी मांडते. एक तरुण व्यापारीपुत्र ती पाहून मूर्च्छित पडतो. तोच तो जोडीदार! पण तिचे वडील नकार देतात. कारण काय? मुलगा व्यापारासाठी सदा परदेशी हिंडणाऱ्या घरातला. आमची मुलगी विरहात झुरेल. मग दोघे रात्री नावेतून पळून जातात, दरोडेखोरांच्या तावडीत सापडतात, सुटतात, घरी परततात, विवाह होतो. आणि शेवटी दोघेही दीक्षा घेतात. ही सारी कथा साध्वी झालेली तरंगवती स्वतः सांगते आहे.

व्याख्यानाहून परतल्यावर भुवाबाई दादाजींना पाणी देताना इतकेच म्हणाल्या, “बापूजी, आज महाराजसाहेबांनी कादंबरी सांगितली.” दादाजी काही बोलले नाहीत. त्यांचे ‘हूं’ मात्र त्या दिवसापासून थांबले.

निवृत्तीनंतर मला या विषयाचे वाचन करण्यास सवड मिळाली, तेव्हा भुवाबाईंचे म्हणणे किती खरे होते ते कळले. प्रेम आणि प्रवास यांच्या कथा हे आपल्या पूर्वाचार्यांचे आवडते क्षेत्र होते. संघदासगणींची ‘वसुदेवहिंडी’ या नावातच भटकंती आहे. वसुदेवांचे देशोदेशी हिंडणे आणि ठिकठिकाणी होणारे त्यांचे विवाह, हाच तिचा गाभा. त्याच ग्रंथात चारुदत्त या व्यापाऱ्याची कथा आहे. वेश्येच्या नादाने धन गमावलेला चारुदत्त समुद्रावर जातो, दुर्गम डोंगरवाटा तुडवतो. आणि प्रवासात बोकड मारण्याची वेळ येते तेव्हा त्याचे मन कळवळते, मरणाऱ्या प्राण्याला तो नमस्कार मंत्र ऐकवतो. साहस आणि अहिंसा एकाच प्रसंगात. या ग्रंथाच्या मध्यमखंडाचे कर्ते धर्मसेनगणी यांनी अशा लेखनाचे कारणही दिले आहे. रोगी औषध घेत नसेल, तर वैद्य त्याच्या आवडत्या पेयाच्या निमित्ताने आपले औषध त्याला देतो. लोकांना प्रेमकथा आवडतात. म्हणून त्या वाटेने त्यांना धर्माकडे न्यावे. हरिभद्रसूरींनी ‘समराइच्चकहा’मध्ये अर्थकथा, कामकथा, धर्मकथा आणि या तिन्हींचे मिश्रण असलेली संकीर्णकथा असे भेदच केले आहेत.

व्यापारी वाचकाने तर उद्योतनसूरींची ‘कुवलयमाला’ अवश्य चाळावी. इ. स. ७७९ मध्ये ती जालोर येथे पूर्ण झाली. तीत सोपाऱ्यातील व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्याचे वर्णन आहे. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याचे विडा-अत्तराने स्वागत होते आणि मग प्रत्येकाने आपण कोणत्या देशी काय घेऊन गेलो आणि तिथून काय आणले हे सांगायचे, अशी तेथील रीत. कोणी घोडे नेऊन हत्ती आणले, कोणी सुपाऱ्या नेऊन घोडे आणले, कोणी चीनला जाऊन रेशीम आणले. एक जण तर कडुलिंबाची पाने घेऊन रत्नद्वीपाला गेला आणि रत्ने घेऊन परतला! ही ‘देशकथा’ एका आचार्यांनी लिहिली आहे, आणि तिच्यात व्यापाऱ्यांची अनुभव सांगण्याची हौस किती प्रेमाने टिपली आहे!

हा सोपारा आपल्यापासून दूर नाही. आपल्याच जुन्नरजवळचा नाणेघाट उतरून जुन्या काळचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात असे. घाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण आणि नागनिकेचा शिलालेख आजही त्या रस्त्याची साक्ष देतात. जुन्नर परिसरातील लेण्यांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या दानाचा लेख आहे आणि यवन दात्यांची नावेही आहेत. पादलिप्तसूरींचा संबंध परंपरा ज्या सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी जोडते, त्याच राज्याची ही वाट. म्हणजे ज्या मुलखात आपण आज अडतीची दुकाने चालवतो, तो प्रेमाच्या आणि प्रवासाच्या गोष्टींचा जुना मुलूख आहे. बटाट्याची पोती मोजताना हे सहसा लक्षात येत नाही, एवढेच.

आधुनिक मराठी कादंबरीचा जन्मही याच दोन विषयांतून झाला. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. ती मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. नावाप्रमाणेच ती प्रवासाची गोष्ट आहे. यमुना पतीसह गावोगाव फिरते आणि वाटेत तिला ज्या विधवा भेटतात त्यांची दुःखे ऐकते. पाठोपाठ १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. ती अद्भुतरम्य प्रेमकथा. पहिल्या कादंबरीचा विषय विधवांची स्थिती असावा, हे वाचले तेव्हा मला भुवाबाईंच्या खोलीची आठवण झाली. त्यांनी ‘यमुनापर्यटन’ वाचल्याचे मला स्मरत नाही. पण गो. नी. दांडेकरांची ‘शितू’ त्यांनी वाचली होती. १९५३ सालची ही कोकणातील प्रेमकथा. तिची नायिका बालविधवा आहे. ते पुस्तक मी परत करायला निघालो, तेव्हा भुवाबाईंनी ते आणखी एक दिवस ठेवून घेतले. त्या दिवशी त्या फारसे बोलल्या नाहीत.

यातून मिळते काय, या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर आता सांगतो. १९८४ साली आमच्या घरातील एक लेक वयाच्या चोविसाव्या वर्षी विधवा झाली. पदरात तीन वर्षांची मुलगी. घरात बैठक बसली. तिने माहेरी राहावे, मुलीला वाढवावे, धर्मध्यान करावे, असे सर्वांचे ठरल्यासारखे होते. भुवाबाई तेव्हा साठीला आल्या होत्या. बैठकीत बोलण्याची त्यांची पद्धत नव्हती. त्या दिवशी त्या दारात उभ्या राहून बोलल्या. मारवाडीतील त्या बोलण्याचा मराठी अर्थ असा: “पुस्तकातली माणसे रडतात, मग डोळे पुसून पुढच्या गावाला जातात. हिलाच तेवढे एका गावात का बसवून ठेवता? मी बसले आहे ना, एक पुरे झाली.”

कोणी उत्तर दिले नाही. पण विषय पुन्हा निघाला, वाढत गेला, आणि दीड वर्षाने त्या मुलीचा पुनर्विवाह झाला. आज ती नातवंडांत रमलेली आहे. भुवाबाईंना हे धैर्य कोणी दिले, असा विचार मी अनेकदा केला. स्वतःच्या दुःखाने बहुधा ते दिले नसावे. स्वतःचे दुःख त्यांनी चाळीस वर्षे निमूटपणे सोसले होते. पण त्या काळात दर उन्हाळ्यात त्या दुसऱ्या माणसांच्या आयुष्यात जाऊन येत होत्या. जे आहे त्याहून निराळे घडू शकते, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिले होते. दहा पैसे रोज या दराने जमलेली ती पुंजी एका मुलीच्या आयुष्याच्या कामी आली. त्याहून अधिक परतावा देणारी ठेव माझ्या नोकरीत मी पाहिली नाही.

दुसरे उत्तर माझ्या स्वतःच्या घरातले आहे. बँकेतील नोकरी म्हणजे बदल्या. सावंतवाडी, गडचिरोली, मग मराठवाड्यातील दोन शाखा. आई-वडील थकलेले, मुले शाळेत. त्यामुळे सौभाग्यवती मंचरलाच राहिल्या. परगावी एकट्या खोलीत मला पुस्तकांची सोबत झाली ती प्रामुख्याने प्रवासाच्या. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० ची आणि ‘पूर्वरंग’ १९६३ ची. ती प्रवासवर्णने असली, तरी कादंबरीच्या ओढीने वाचली जातात. पुढे मीना प्रभु यांची ‘माझं लंडन’, ‘दक्षिणरंग’, ‘चिनी माती’ ही जाडजूड पुस्तके आली. ती मी उन्हाळ्याच्या रजेत घरी आणीत असे. प्रवासाच्या कादंबऱ्यांत माझ्या मते शिरोमणी म्हणजे गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’. दांडेकर स्वतः नर्मदेची परिक्रमा केलेले. त्या नदीकाठच्या वाटा, धर्मशाळा, भिक्षा, ऊन, आणि वाटेत जडलेला स्नेह मागे ठेवून पुढे निघणारा तो भटका. प्रेम आणि प्रवास या दोन्ही गोष्टी तीत अशा मिसळल्या आहेत, की एकीला दुसरीपासून वेगळे करता येत नाही.

माझ्या निवृत्तीनंतर सौभाग्यवतींच्या डोळ्यांना काचबिंदूने गाठले. वाचन बंद झाले. तेव्हापासून उन्हाळ्याच्या दुपारी मी मोठ्याने वाचतो आणि त्या ऐकतात. लग्नाला चाळीस वर्षे झालेल्या, व्यापारी घरात वाढलेल्या नवरा-बायकोने एकत्र बसून प्रेमाची कादंबरी वाचणे, हे सुरुवातीला दोघांनाही अवघड वाटले. नायक-नायिकेच्या भेटीचा प्रसंग आला की माझा आवाज बँकेचे परिपत्रक वाचल्यासारखा होई. त्या हसत. एकदा अशाच विरहाच्या प्रकरणानंतर त्या म्हणाल्या, “तुमची पत्रे मी अजून ठेवली आहेत.” मी विचारले, “त्यांत काय आहे? सगळा पावसापाण्याचा मजकूर.” त्या म्हणाल्या, “तेच तर. सावंतवाडीचा पाऊस, गडचिरोलीचे जंगल, मोहाच्या फुलांचा वास. मी या घराबाहेर कुठे गेले होते? तुमच्या पत्रांतूनच मी महाराष्ट्र पाहिला.”

इतक्या वर्षांत हे आमच्यात कधी बोलले गेले नव्हते. आपल्या घरांतून प्रेम हा शब्द सहसा उच्चारला जात नाही; तो वेळेवर मिळणाऱ्या गरम पोळीतून आणि न मागता आणलेल्या औषधातून कळतो. ते उत्तमच आहे. पण कधीतरी तो शब्दांतही यावा, आणि त्यासाठी आधी तो दुसऱ्या कोणाच्या गोष्टीत ऐकावा लागतो. ‘भ्रमणगाथा’ वाचून झाल्यावर त्या हिवाळ्यात आम्ही नर्मदेवर गेलो. ओंकारेश्वर पाहून सिद्धवरकूटच्या क्षेत्री दर्शन घेतले. त्यांना नदी धूसर दिसत होती. मी वर्णन करू लागलो तर त्या म्हणाल्या, “राहू द्या. मला माहीत आहे ती कशी आहे.”

सर्वच कादंबऱ्या अशा असतात, असे माझे म्हणणे नाही. काही केवळ वेळ खातात, काही मनाला गोड सवय लावून कडू कर्तव्यापासून दूर नेतात. दादाजींचा आक्षेप अशा पुस्तकांना आजही लागू आहे आणि मी तो मानतो. त्यासाठी मी एक साधी कसोटी ठरवली आहे. पुस्तक मिटल्यावर आपल्या घरातील माणसे आधीपेक्षा जवळची वाटतात की परकी? शेजारी बसलेल्या माणसाच्या मनात काय असेल, याची उत्सुकता वाढते की कमी होते? उत्तर पहिले असेल, तर त्या पुस्तकाचा अनर्थदंड होत नाही. वाचनाला मर्यादाही असावी. सामायिक चुकवून, दुकानातील गिऱ्हाईक तिष्ठत ठेवून वाचू नये. भुवाबाईंनी दोन तासांचा तिसरा तास कधी केला नाही.

पुस्तकांची टंचाई म्हणाल, तर ती नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये कायद्यामुळे राज्यात गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. आपल्या तालुक्यातील वाचनालयाची वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा जास्त नसते. सुट्टीत महाबळेश्वरला जाणाऱ्या कुटुंबांनी पाचगणीजवळच्या भिलारला आवर्जून थांबावे. ४ मे २०१७ रोजी, म्हणजे भर उन्हाळ्यातच, ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून सुरू झाले. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली गेली. त्यांतील बरीचशी ठिकाणे म्हणजे गावकऱ्यांची राहती घरे. कोणाच्याही ओसरीवर बसून कादंबरी वाचावी, पैसे द्यावे लागत नाहीत. स्ट्रॉबेरीच्या गावाने पुस्तकांना घरात जागा दिली. आपल्या घरांत तर जागेची मुळीच वाण नाही.

मुलांविषयी एक विनंती. सुट्टीत मुलगी प्रेमकथा वाचताना दिसली तर पुस्तक हातातून काढून घेऊ नये. ते आपणही वाचावे आणि मग तिच्याशी त्याविषयी बोलावे. जे बोलणे थेट करायला आई-वडिलांना संकोच वाटतो, ते गोष्टीतील माणसांच्या निमित्ताने सहज होते. आज ना उद्या तिच्या स्थळांच्या गोष्टी घरात निघतील, तेव्हा बायोडाटामधील पगार आणि गोत्र यांपलीकडे काय पाहायचे असते, हे तिला आणि आपल्यालाही ठाऊक असलेले बरे. मुलगा प्रवासाचे पुस्तक घेऊन बसला, तर त्याला दुकानावर जरा उशिरा पाठवावे. उद्या तोच नव्या बाजारपेठेत जाताना बिचकणार नाही.

यंदाच्या वैशाखात एवढे करून पाहावे. घरातील प्रत्येकाने एक कादंबरी निवडावी. लहानांना भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ द्यावा, तोही पक्का भटक्या आहे. आठवड्यातून एकदा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला सर्वांनी एकत्र बसावे आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांप्रमाणे प्रत्येकाने सांगावे, की मी अमुक देशी जाऊन आलो आणि तिथून हे आणले. कडुलिंबाची पाने नेऊन कोण रत्ने आणील, हे आधी सांगता येत नाही.